सहा, आठ, दहा

पाऊस तोंडावर आला होता आणि मिस्त्रीचं घर अजून फळीवरच होतं. म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये एका फळीवर त्यानं ते कोळशानं काढून ठेवलं होतं, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ओटी. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. पण गेल्या पावसाळ्यात त्याच्या स्वतःच्या मातीच्या घराची मागची भिंत बसली आणि तिच्या पाठोपाठ छप्पर खाली आलं, तेव्हापासून नवरा-बायको या शेडमध्ये दिवस काढत होते. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पाण्याचा माठसुद्धा अंघोळीच्या पाण्याइतकं गरम पाणी द्यायचा.

त्याच पावसाळ्यात मिस्त्री दुसऱ्याच्या घराच्या परांचीवरून खाली आला होता. पाय मोडला आणि डोकं फुटलं. पाय जुळला, पण आखूड जुळला. डोक्याचे टाके निघाले, त्यावर केसही आले. लोकांच्या मनातली शंका मात्र बुजली नाही. "मिस्त्रीच्या डोक्याला मार लागलाय," असं म्हणताना गावातली माणसं आवाज खाली आणायची आणि ते नेमकं त्याला ऐकू जायचं. वीट लावायला बोलवायचे, प्लास्टरला बोलवायचे. आखणीला कुणी बोलवत नव्हतं. नकाशा जमिनीवर उतरवायचा म्हणजे जोखमीचं काम. तिथं चुकलं की वरचं सगळं चुकतं, आणि चुकलेलं घर काही दुकानात बदलून मिळत नाही.

त्याच्या बायकोला गाव मिस्त्रीण म्हणायचं. निम्मं थट्टेनं, निम्मं खरंच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच्याबरोबर कामावर होती. माल कालवायची, विटा वर द्यायची, आणि आखणीच्या दिवशी टेपचं टोक धरायची. त्या टेपवरून लोक फार हसायचे. कापडी टेप, त्याचा पहिला फूट केव्हाच झिजून गळून पडलेला. त्यामुळे माप एकच्या आकड्यापासून सुरू व्हायचं. ती तो आकडा खिळ्यावर अंगठ्यानं दाबायची आणि "एक!" अशी हाळी द्यायची. मग मिस्त्री तिकडं एक फूट जास्त मोजायचा. सहा हवे असतील तर सात, दहा हवे असतील तर अकरा. हसणारे हसले, पण त्या तुटक्या टेपनं एकही घर वाकडं उभं केलं नव्हतं.

आता स्वतःचं घर म्हणून लेकीनं शहरातून नवा टेप पाठवला. लांबलचक, पिवळाधमक, टोकाला पितळी कडी. मिस्त्रीनं तो हातात घेऊन दोनदा ओढला, दोनदा गुंडाळला. "आता कसं," तो म्हणाला. "घर नवं, टेप नवा. मालकच तेवढा जुना."

"मालकीण पण जुनीच आहे," ती म्हणाली. "चला, ऊन व्हायच्या आत."

जागा आधीच साफ केली होती. जुन्या भिंतीची माती तिनं आठवडाभर टोपल्यांनी उपसली होती, तिच्या तळहाताचे फोड फुटून पुन्हा आले होते. शेजारी थोरल्या भावाचं घर. दोन घरांच्या मध्ये तीन फुटांचा बोळ सोडायचा, असं वाटणीच्या वेळीच ठरलं होतं. थोरल्याची म्हैस त्याच बोळातून मागच्या गोठ्यात जायची.

मिस्त्रीनं पहिली खुंटी ठोकली, ती थोरल्यापासून लांबच्या कोपऱ्यात. तिच्या डोक्यावर खिळा मारला. मिस्त्रीण उकिडवी बसली, कडी खिळ्यात अडकवली आणि तिनं हाळी दिली.

"एक!"

"एक," तो तिकडून म्हणाला आणि पाय ओढत निघाला.

पुढची बाजू चोवीस फुटांची झाली. मग कोपऱ्याचं काम. एका दोरीवर सहा फुटांवर खूण, दुसरीवर आठ फुटांवर, आणि त्या दोन खुणांमधलं तिरकं माप दहा आलं की कोपरा काटकोनात आला. सहा, आठ, दहा. एवढ्यावर सगळं घर उभं राहतं. ती हाळी देत होती, तो मोजत होता. खुंट्या बसल्या, दोऱ्या ताणल्या गेल्या, आणि तिनं त्या दोऱ्यांच्या खाली चिमटीचिमटीनं चुन्याची फक्की सोडली. तांबड्या मातीवर पांढरं घर उमटलं. ती त्या रेषांच्या आत जाऊन उभी राहिली. आखलेलं घर नेहमी लहानच दिसतं, हे तिला अनेक वर्षांपासून माहीत होतं. तरी आपलं म्हटल्यावर तिला ते लहान वाटलं नाही. ही चूल, हा ओटा, इथं खिडकी.

"थांब," मिस्त्री म्हणाला. "तिरकी मापं घेऊ."

समोरासमोरच्या कोपऱ्यांची दोन तिरकी मापं सारखी आली पाहिजेत. ती आली नाहीत. एक दुसऱ्यापेक्षा दोन फुटांवर जास्त आलं. मिस्त्रीनं पुन्हा घेतलं. तेच. टेपला पीळ पडला असेल म्हणून सरळ करून घेतलं. तेच. तो मधोमध उभा राहून एकदा या खुंटीकडे, एकदा त्या खुंटीकडे बघत राहिला. घाम टाक्यांच्या वणावरून कपाळावर येऊन थांबला होता. तिनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. वाकडं काम दिसलं की तो चिडायचा, शिव्या द्यायचा. आज तो गप्प होता, आणि तेच तिला नको होतं.

तेवढ्यात थोरला आला. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो बोळाच्या तोंडाशी उभा राहिला, डोळे बारीक करून रेषेकडे बघत मागपर्यंत चालत गेला आणि मागच्या कोपऱ्यावर थबकला. त्यानं वाकून आपली वीत जमिनीवर टेकवली. फक्की आणि त्याची भिंत यांच्यात तेवढीच जागा उरली होती.

"पुढं दोन फूट, मागं वीतभर," तो म्हणाला. "म्हैस काय उडवत नेऊ?"

"दादा, चुकलंय कुठंतरी. दुरुस्त करतो," मिस्त्री म्हणाला.

"चुकलंय ते दिसतंय. आंधळ्यालाही दिसेल." मग त्याचा आवाज उतरला, आणि हा उतरलेला आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता. "तुझा दोष नाही रे. डोक्याला मार लागलेला माणूस तू. पण मी माझी जागा तुझ्या डोक्यावर सोडणार नाही. तुझ्या बायकोला सांग, त्या चेल्याला बोलावून घ्या. तो आखून देईल. तोवर इथं कुदळ लागायची नाही."

मिस्त्रीण तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभी होती. थोरल्याला तिच्याशी थेट बोलायची सवय नव्हती. काही सांगायचं असलं की तो भावाला सांगायचा, आणि भाऊ नसला की दाराच्या चौकटीला.

चेला म्हणजे मिस्त्रीच्याच हाताखाली तयार झालेला गवंडी. आता त्याची स्वतःची माणसं होती, मोटरसायकल होती. ज्याला आपण ओळंबा धरायला शिकवला त्यानं येऊन आपल्या घराची रेघ मारायची! मिस्त्रीचा पाय खुंटीवर अडखळला, तो सावरला, आणि शेडमध्ये जाऊन बसला.

दिवसभर तो उठला नाही. जेवणाचं ताट तसंच राहिलं. ऊन उतरल्यावर त्यानं तिला हाक मारली.

"इकडं ये. मला पाढे विचार."

"काय?"

"पाढे. सतराचा विचार. बघू, येतो का."

ती त्याच्यासमोर बसली. तो म्हणायला लागला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. थांबला नाही, अडखळला नाही. म्हणून झाल्यावर लहान पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"बरोबर?"

आता तिला सतराचा पाढा कुठून येणार? शाळेचं तोंड तिनं सातव्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. "बरोबरच असणार," ती म्हणाली.

"असणार म्हणजे?"

"म्हणजे मला येत नाही. पण न अडता म्हणालात."

"न अडता चुकीचं पण म्हणता येतं," तो म्हणाला आणि दोघंही हसले. हसू फार टिकलं नाही. त्यानं आपल्या डोक्यावरून हात फिरवला. "मी दहा वेळा मोजलं गं. प्रत्येक वेळी मला वाटत होतं बरोबर आहे. चूक कुठं आहे तेच दिसत नाही. चूक दिसली असती तर भीती नव्हती."

ती पाणी आणायच्या निमित्तानं उठली आणि सरळ थोरल्याच्या दारात गेली. तिला लाज वाटत होती, पण पावसाला लाज नव्हती. पहिला मोठा पाऊस यायच्या आत जोतं वर आलं नाही, तर आणखी एक वर्ष पत्र्याखाली. या लंगडणाऱ्या माणसाला घेऊन आणखी एक वर्ष ओल्या जमिनीवर झोपायची तिची तयारी नव्हती.

"भावजी, चेल्याला निरोप द्या," ती म्हणाली. "सकाळी यायला सांगा."

थोरला चौकटीकडे बघत म्हणाला, "शहाणपण सुचलं म्हणायचं कुणाला तरी."

पाणी आणायला निघालेली ती रिकाम्या हातानंच परत निघाली. निरोप दिला याचं तिला तितकं वाटत नव्हतं. वाटत होतं ते वेगळंच. आपणही मनातून मानलं की नवऱ्याचं डोकं गेलं. त्याच्या तोंडावर बरोबर म्हणालो आणि पाठीमागं जाऊन दुसऱ्याला बोलावून आलो.

सकाळी जाग आली तेव्हा मिस्त्री अंथरुणात नव्हता. बाहेर, आखलेल्या घरात, पाय पसरून बसलेला दिसला. तिनं चूल पेटवली. मग तिला दाराची आठवण झाली. जुन्या घरातलं दार तेवढं धडधाकट निघालं होतं, ते नव्या घराला लावायचं होतं. चेला येऊन विचारेल, दार केवढं, तर माप तयार असावं, म्हणून तिनं टेप उचलला. हे दार सहा फुटांचं आहे हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण माप घेतल्याशिवाय माप सांगायचं नाही, हे मिस्त्रीनंच तिला शिकवलं होतं.

दार शेडला टेकवून उभं होतं. तिनं कडी खालच्या खिळ्याला अडकवली, टेप वर ओढला आणि सवयीनं म्हणाली, "एक!"

तिकडं ऐकायला कुणी नव्हतं. तिचा अंगठा आपला आपण चढत सातवर गेला आणि थांबला. दार खालीच संपलं होतं. अंगठा दाराच्या वर, हवेत.

ती तशीच उभी राहिली. अंगठा खाली आणला. दाराचा काठ बरोबर सहावर होता. नव्या टेपला पहिला फूट होता! धडधाकट, पिवळाधमक, कडीसकट होता. आणि काल दिवसभर ती खुंटीशी बसून एक, एक म्हणून ओरडत होती, आणि तो बिचारा एकेक फूट जास्त मोजत होता. तिला आधी हसू आलं, मग रडू आलं. चुलीवरचा चहा उतू गेला, तिकडं तिचं लक्षच नव्हतं.

ती टेप घेऊन धावतच गेली.

"अहो, टेप नवा आहे."

"बरं मग?"

"मग एक कशाला?"

तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं कडी त्याच्या हातात दिली. त्यानं कडीपासूनचे आकडे नखानं मोजले, जसे पोरं चिंचोके मोजतात. त्याचे ओठ हलत होते.

"सात, नऊ, अकरा," तो हळूच म्हणाला. "आपण सात-नऊ-अकराचा कोपरा धरला. सात-नऊ-अकराला कुणाच्या बापाचा कोपरा जुळायचा नाही!" त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलायला लागले. तिला आधी वाटलं हसतोय. मग तिनं खाली बसून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मी ओरडले म्हणून झालं," ती म्हणाली.

"मी ऐकलं म्हणून झालं."

"आणखी एक आहे. काल मी भावजींकडे गेले होते. चेल्याला बोलवा, असं मीच म्हणाले. मला वाटलं होतं..."

त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "माझं डोकं माझ्या धडावर आहे, आणि मलाच वाटलं होतं. तुला नाही वाटणार?" त्यानं टेप गुंडाळायला घेतला. मग म्हणाला, "बोलावलंस ते बरं केलंस. येऊ दे त्याला. उठ, खुंट्या उपट."

त्यांनी सगळ्या खुंट्या उपटल्या. तिनं खराट्यानं फक्की मोडली. तांबडी जमीन पुन्हा कोरी झाली. पहिली खुंटी ठोकताना मिस्त्रीला मोडक्या पायावर बसता येईना, म्हणून त्यानं पाय बाजूला सरळ टाकला आणि कुशीवर रेलून हातोडा मारला. तिनं कडी अडकवली. जिभेच्या टोकावर एक आलाच होता. तिनं दात दाबले.

"बोल की," तो तिकडून म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीतरी बोल. तू बोलल्याशिवाय माझा पाय उचलत नाही."

"शून्य!" ती ओरडली. शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले.

मागची बाजू चालू असताना मोटरसायकल आली. चेला उतरला, पाठोपाठ थोरला. चेल्याच्या काखेत त्याचा टेप होता, डोळ्यांवर काळा चष्मा. मिस्त्रीला बघून त्यानं चष्मा काढून खिशात टाकला.

"उस्ताद, मला दादांनी..."

"माहीत आहे. उभा राहा तिथं."

"अरे, पुन्हा तेच?" थोरला म्हणाला. "काल सांगितलं ना तुला!"

"दादा, मापं होऊ दे. मग बोल, हवं तेवढं बोल." मिस्त्रीनं वर न बघता दोरीला गाठ मारली.

चेला मिस्त्रिणीजवळ आला. "काकी, उठा, टोक मी धरतो."

"माझं टोक मीच धरणार," ती म्हणाली. "तू सावलीला बस."

ऊन चढत होतं. मिस्त्री कधी चालत, कधी रांगत खुंट्यांवरून फिरत होता. सहा. आठ. दहा. प्रत्येक मापाला ती शून्य म्हणून ओरडत होती आणि थोरल्याला वाटत होतं, आता हिच्याही डोक्याचं काही खरं नाही. शेवटची खुंटी बसली तेव्हा मिस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यानं आपला टेप गुंडाळून बाजूला ठेवला आणि चेल्याकडे वळला.

"तिरकी मापं तू घे. तुझ्या टेपनं घे. दादाला मोठ्यानं सांग."

चेल्यानं आपला टेप काढला. ती खुंटीपाशी बसली, कडी धरली.

"तीस," चेला म्हणाला. मग दुसऱ्या कोपऱ्यात गेला. ती दुसऱ्या खुंटीवर गेली. तो वाकला, बघितलं, पुन्हा वाकून बघितलं. "तीस. अगदी खिळ्यावर तीस, उस्ताद."

थोरला बोळात गेला. त्यानं टेप मागितला नाही. आपल्या पावलांनी मोजलं, पुढं मोजलं, मागं मोजलं. दोन्हीकडं सारखं आलं. तो परत आला तेव्हा त्याला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

"मग काल काय झालं होतं?" त्यानं विचारलं.

मिस्त्रिणीनं तोंड उघडलं, पण मिस्त्री आधी बोलला. "काल?" तो खुंटीला टेकून हसत होता. "काल डोकं फिरलं होतं माझं. मार लागलाय ना."

किती सहज म्हणाला! वर्षभर ज्या शब्दांनी त्याला आतून पोखरलं होतं तेच शब्द, आणि ते तो चारचौघांत तिच्यासाठी पांघरून घेत होता. तिला ते सहन झालं नाही.

"भावजी," ती म्हणाली, आणि थोरल्यासमोर जाऊन उभी राहिली, म्हणजे त्याला बघायला चौकट उरली नाही. "त्यांचं डोकं जागेवर आहे. चूक माझ्या तोंडातून झाली. जुना टेप एकपासून सुरू व्हायचा. मी नव्यालाही एक म्हणत राहिले. ते माझ्या हाळीवर चालले."

आणि मग चेला हसायला लागला. पोट धरून हसायला लागला. "काकी! मी तुमच्याकडून बाहेर पडलो ना, पहिलंच काम. संडासाचं दार सांगितलं होतं अडीच फुटांचं. मी साडेतीन फुटांची जागा सोडली. मालक म्हणाला, हत्ती बसवायचाय का आत? मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला वाटायचं, मीच बिनडोक."

"तू बिनडोक आहेसच," मिस्त्री म्हणाला. "पण त्यात टेपचा दोष नाही."

थोरल्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. तो घसा खाकरून मिस्त्रिणीकडे बघत म्हणाला, "बोळ बरोबर आहे." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तू... नीट धरलंस टोक." एवढं बोलायला त्याला बरेच कष्ट पडले. तो वळून घरात गेला आणि कुदळ घेऊनच बाहेर आला.

तिनं फक्कीची टोपली उचलली आणि दोरीखालून रेघ सोडायला सुरुवात केली. डोळे भरल्यामुळे दोरी धूसर दिसत होती, पण चिमूट हलली नाही. ती वाकूनच होती तेव्हा तिच्या मागं आवाज झाला, मोठा, खणखणीत, चिडका.

"उभा काय राहिलास तोंड वासून? बूट काढ, कुदळ घे दादाकडून! जेवायला आलायस काय?"

चेल्यानं "हो उस्ताद" म्हणत घाईघाईनं बूट काढले, त्यातला एक फक्कीवर पडला म्हणून पुन्हा शिव्या खाल्ल्या. तो आवाज तिनं वर्षभर ऐकला नव्हता. ती ताठ उभी राहिली आणि पदरानं डोळे पुसून ऐकत राहिली.

पहिला घाव जमिनीत बसायच्या आत मिस्त्री पुन्हा ओरडला, "रेघेच्या आत खण, आत! बाहेरची जागा दादाची आहे."